हिगोनोकामी : एका साध्या चाकूचे आयुष्य

घडीच्या चाकूचे मर्म पात्यापेक्षा, पाते ज्या खिळ्याभोवती फिरते त्या सांध्यात असते. अडकित्ता वापरणाऱ्या घरांना हे अनुभवाने ठाऊक आहे. धार पुन्हा लावता येते. पण खिळा सैल होऊन पाते डगमगू लागले की सुपारी नीट कातरत नाही. लाकडी वा शिंगाच्या मुठीच्या चाकूत तर सांध्यावरील ताणाने मूठच चिरण्याचे भय असते. म्हणून युरोपात मुठीच्या टोकाशी, खिळ्याच्या जागी, धातूचा जाड तुकडा बसविण्याची पद्धत रूढ झाली. त्यास बोल्स्टर म्हणतात. तो नसलेला चाकू कच्चा, असा समज त्यातून सहज होतो. जपानचा हिगोनोकामी हा चाकू त्या समजास चोख उत्तर देतो.

ह्योगो प्रांतातील मिकी हे गाव सुतारकामाच्या हत्यारांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहे. १८७६ साली मेइजी सरकारने सामुराईंच्या तलवार बाळगण्यावर बंदी घातली आणि तलवारी घडविणाऱ्यांना रोजच्या वापरातील हत्यारांकडे वळावे लागले. पुढे १८९०च्या दशकात मिकीत हा चाकू आकारास आला. हिगो हे क्युशू बेटावरील आजच्या कुमामोतोचे जुने नाव. हिगोनोकामी म्हणजे हिगोचा अधिपती. नाव असे सरदारी, वस्तू मात्र शाळकरी मुलाच्या खिशात मावणारी.

त्याची घडण अगदी थोडक्यात सांगता येते. धातूचा एकच पत्रा दुमडून मूठ केलेली, त्या घडीत पाते आणि दोहोंतून आरपार गेलेला एक खिळा. कमानी नाही, खटका नाही. पात्याच्या मागच्या टोकास एक छोटी शेपटी असते. तिच्यावर अंगठा दाबून धरला की पाते मिटत नाही. मूठच धातूची असल्याने चिरणारे काही उरत नाही आणि वेगळ्या बोल्स्टरची गरजही पडत नाही. खिळा सैल झाल्यास हातोडीचे दोन हलके ठोके पुरतात. ही दुरुस्ती ज्याची त्याला घरी करता येते, हेच आमच्या मते त्याच्या टिकाऊपणाचे खरे कारण होय.

दूर फ्रान्समध्ये, चाकूंसाठी नावाजलेल्या तिएर गावी, १९२९ पासून बनणाऱ्या दूक-दूक चाकूची मूठही दुमडलेल्या पोलादी पत्र्याचीच आहे. त्याला जोरकस कमानी आहे, इतकाच मोठा फरक. स्वस्त आणि मजबूत वस्तू हवी असता दोन दूरच्या गावांतील कारागीर एकाच उत्तराशी पोहोचले.

हिगोनोकामीने पेन्सिली तासल्या, बांबूची खेळणी घडविली. मग १२ ऑक्टोबर १९६० रोजी तोक्योतील हिबिया सभागृहात समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांची भर सभेत हत्या झाली. मारेकरी सतरा वर्षांचा होता. त्याच्या हाती आखूड तलवार होती, हिगोनोकामी नव्हे. तरीही मुलांच्या हाती पाते नको, अशी चळवळ देशभर उभी राहिली. वर्गावर्गांत पेन्सिलीला टोक काढणारी यंत्रे आली. मिकीतील कारखाने एकामागून एक या धंद्यातून बाहेर पडले.

हा चाकू झिजून वा मोडून नाहीसा झाला नाही, त्याचे रोजचे काम काढून घेतले गेले. वस्तूची मजबुती कारागिराच्या हाती असते, तिचे आयुष्य वापरणाऱ्याच्या. पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात राहून घरची भाषा बोलती ठेवणाऱ्या आपल्या कुटुंबांना हे विस्ताराने सांगावयास नको.

मुलांच्या सुरक्षेची काळजी खोटी होती, असे आम्ही म्हणणार नाही. पण धारेचा धाक आणि धारेची शिस्त दोन्ही एकाच चाकूने शिकविली होती. तो गेला तेव्हा दोन्ही गेल्या. आज हिगोनोकामी या नोंदणीकृत नावाने चाकू बनविणारा नागाओ कानेकोमा हा एकच कारखाना मिकीत उरला आहे. तेथे आजही पत्रा दुमडला जातो आणि त्यातून एकच खिळा ठोकला जातो.