एक पौंड धान्याचा हिशेब

१८७३-७४ सालीं बिहारांत दुष्काळ पडला, तेव्हां सर रिचर्ड टेंपल यांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून लोकांस जगविलें. भूकबळी फारच थोडे पडले. पण खर्च अवाच्या सवा झाला म्हणून त्यांच्यावर टीकेचा भडिमार झाला!

१८७७ च्या जानेवारींत हेच गृहस्थ हिंदुस्थान सरकारचे प्रतिनिधि होऊन मद्रासेकडे गेले, ते काटकसरीचा धडा पाठ करूनच. दुष्काळी कामावरील पुरुषास रोज एक पौंड धान्य व वर थोडे पैसे पुरे, असें त्यांनीं ठरविलें. पौंड म्हणजे सुमारें अर्धा शेर. कागदावर हिशेब चोख होता. परंतु दिवसभर खडी फोडणाऱ्याचें पोट त्यांत कोठेंच धरलेलें नव्हतें. मद्रासचे आरोग्याधिकारी डॉ. कॉर्निश यांनीं कडाडून विरोध केला. तुरुंगांतील कैद्यासही याहून अधिक अन्न मिळतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

मुंबई इलाख्यांत हाच दर लागू होतांच मजुरांनीं कामें सोडलीं, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. मे महिन्यांत मद्रास सरकारनें मजुरी वाढविली. तोंवर टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले होते.