किंगरी आणि तिचे यजमान

गडचांदूरहून जिवतीकडे चढताना माणिकगड लागतो. काळ्या दगडाचा हा किल्ला माना नागवंशीयांचा मानतात, पण या डोंगररांगांतला जुना इतिहास किल्ल्यापेक्षा परधानांच्या कंठात अधिक टिकला. राजगोंडांच्या सगांचे, म्हणजे चार, पाच, सहा आणि सात देवांच्या कुळांचे, इतिहासकार ते हेच. प्रत्येक परधान घराण्याचे गोंड यजमान ठरलेले. पेर्सापेन या कुलदेवाच्या पूजेला किंवा घरातल्या मरणानंतरच्या विधींना परधानाने तीन तारांची किंगरी घेऊन यायचे, त्या सगाची उत्पत्तिकथा, आदिपुरुष लिंगोची गाथा, देवांचे प्रवास गायचे आणि धान्य, कापड, प्रसंगी जनावर घेऊन परतायचे. या भागातल्या परधानांची घरची बोली मराठी, पण गाथा मात्र गोंडीत. इतिहासासाठी वेगळी भाषा जपणारा हा समाज मराठी वाचकाला परका वाटू नये. आज ही परंपरा क्षीण झाली आहे. ती पुन्हा उभी करायची तर किंगरीबरोबर तिचा प्रसंग आणि तिचा यजमानही परत आणावा लागेल, असे माझे स्पष्ट मत आहे. महोत्सवाच्या मंचावर दहा मिनिटांत उरकलेल्या गाथेत कूळही नसते आणि ते ऐकणारे कूळवालेही नसतात.

गाथा म्हणजे इतिहास नव्हे, हा आक्षेप वजनदार आहे. १८६९ च्या चांदा (आजच्या चंद्रपूर) जिल्ह्याच्या जमाबंदी अहवालात मेजर ल्यूसी स्मिथने स्थानिक परंपरेवरून गोंड राजांची यादी दिली आणि त्यातल्या पहिल्या भीम बल्लाळ सिंहाला थेट नवव्या शतकात नेऊन बसवले; ती कालगणना पुढच्या अभ्यासकांना पटली नाही, आणि ते योग्यच झाले. पण परधानाला सनावळी विचारणे हाच मुळात चुकीचा प्रश्न आहे. कोणते कूळ कोणाचे भाऊबंद, कोणाशी सोयरीक चालते, कोणता देव कोणत्या वाटेने आला, हे गाथा सांगते, आणि समाजाची घडण समजायला हाच पुरावा लागतो. मिशनरी स्टीफन हिस्लॉपने नागपुरात एका परधानाकडून उतरवून घेतलेली लिंगोची गाथा रिचर्ड टेंपलने १८६६ साली छापली. १९४० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फने पलीकडच्या, आजच्या तेलंगणातल्या मारलवाईत राहून राजगोंडांचा अभ्यास केला, त्यातही परधानांच्या गाथा पायाशी आहेत. शिवाय परधान निव्वळ मौखिक राहिले, हेही खरे नाही. आदिलाबादेतल्या गुंजाळा गावात त्यांच्या घरी जुनी हस्तलिखिते सापडली. त्यांच्या लिपीला २०१८ साली युनिकोडमध्ये स्थान मिळाले.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. यजमानपद हे समानतेचे नाते नव्हते. गाणाऱ्याला खालचे मानले जाई आणि त्याचे घर दात्याच्या मर्जीवर चाले. परधानांच्या मुलांनी शाळा-नोकरीची वाट धरली ती योग्यच होती, तिला परंपरेचा ऱ्हास म्हणून रडणे अन्यायाचे ठरेल. म्हणून जुने दान परत नको. गाथाकाराला शिक्षकाचे मानधन हवे आणि श्रोते त्याच्याच सगांतले हवेत. आश्रमशाळेत वर्षभर शिकवणारा परधान गायक आणि पुष्य महिन्यात जंगुबाईच्या जत्रेत पूर्ण रात्र चालणारी गाथा, या दोन जागा मला सर्वांत खऱ्या वाटतात. जंगुबाईचे ठाणे याच डोंगरात, महाराष्ट्र-तेलंगण सीमेवर आहे. ही सीमा तशी अलीकडची: जिवतीचा डोंगर ज्यात होता तो राजुरा तालुका आदिलाबादमधून १९५६ साली नांदेडला आणि १९५९ साली चांद्याला जोडला गेला. जिवतीतल्या १४ गावांवर आजही दोन्ही राज्ये हक्क सांगतात. सगांची नाती मात्र ही रेघ ओलांडून पसरलेली आहेत. म्हणून एकट्या चंद्रपूरने आखलेली योजना अर्ध्या यजमानांना बाहेर ठेवील. ध्वनिमुद्रण, मानधन आणि जत्रेची रात्र हे सारे आदिलाबाद आणि आसिफाबादच्या परधानांसह ठरवावे लागेल, आणि ध्वनिमुद्रित गाथांची पहिली प्रत त्या त्या सगाच्या गावात राहायला हवी.