स्टोव्हची साक्ष

एग्मोरला बदलून आलेल्या मराठी बिऱ्हाडास जे तमिळ शब्द प्रथम शिकावे लागत, त्यांत 'मण्णेण्णै' हा एक असे. मण् म्हणजे माती, एण्णै म्हणजे तेल. आपले रॉकेलही मूळचे 'रॉक ऑइल', खडकाचे तेलच. बोलीत मात्र केरोसिनचे 'कृष्णायिल' झालेले ऐकून आम्हांस मौज वाटली.

हे तेल ज्यात जळे तो पंपाचा स्टोव्ह स्वीडनच्या फ्रान्स विल्हेल्म लिंडक्विस्ट याने १८९२ साली सिद्ध केला. एग्मोरचे स्थानक १९०८ साली खुले झाले, तेव्हा 'प्रायमस' १६ वर्षांचा होता. नान्सेनच्या उत्तरेकडील मोहिमेत तो जाऊनही आला होता. त्यास वात नाही. टाकीतील हवेच्या दाबाने तेल वर चढते, तापल्या नळीत त्याची वाफ होते आणि केसाएवढ्या छिद्रातून ती निळ्या ज्योतीने जळते. त्याची बहुतेक दुखणी या छिद्राचीच. पिन सरळ हाताने, उभीच घालावी. वाकडी घातली की छिद्र रुंदावते आणि भांडी काळी होतात. पंप पोकळ चालू लागला, तर चामडी वॉशरला खोबरेलाचे दोन थेंब पुरत. स्पिरिटचा काकडा पुरता जळू न देता पंप मारला, तर वाफेऐवजी तेलच उसळे आणि पिवळा भडका उठे. टाकी तापलेली असता तेल ओतणे, हे तर साक्षात संकट.

म्हणून 'स्टोव्हचा भडका' हे शब्द खोटे नव्हेत. परंतु गेल्या शतकाच्या उत्तरार्धात हेच शब्द नवविवाहितांच्या मृत्यूचे कारण म्हणून पंचनाम्यांत फार वेळा येऊ लागले. स्टोव्ह नेमका सुनेच्याच हातात कसा भडकतो, हा प्रश्न स्त्रियांच्या संघटनांनी रस्त्यावर येऊन विचारला. आमच्या मते तो स्टोव्हलाही विचारावयास हवा होता: टाकी फुटली आहे की शाबूत, हवेचा स्क्रू उघडा की बंद, आत तेल किती. पितळ खोटे बोलत नाही.

हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालीच झाला होता. १९८३ साली विवाहितेच्या छळास स्वतंत्र कलम मिळाले. १९८६ साली हुंडाबळीचे कलम आले. लग्नापासून ७ वर्षांच्या आत भाजून मृत्यू झाला आणि त्याच्या थोडे आधी हुंड्यापायी छळ झाल्याचे दिसले, तर स्टोव्हकडे बोट दाखवून सासरच्यांस मोकळे होता येईना.