आनंदीबाईंच्या कॉलेजातली तीन वर्षे



सप्टेंबर आला की आपल्यापैकी अनेकांच्या घरी मुलांना कॉलेजच्या वसतिगृहात सोडून येण्याची धावपळ असते. गाडीत रजया, कुकर, मसाल्याचे डबे. आजची गोष्ट आहे १८८३ मध्ये अशाच एका कॉलेजात गेलेल्या मराठी मुलीची. डॉ. आनंदीबाई जोशी हे नाव तुम्हाला माहीत आहे. त्यांच्या पदवीबद्दलही तुम्ही ऐकलेच असेल. आज बोलूया ती पदवी मिळवण्याआधीच्या तीन वर्षांबद्दल.

आनंदीबाई ७ एप्रिल १८८३ रोजी कोलकात्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. वय १८. पती गोपाळराव पोस्टात नोकरीला होते, ते मागेच राहिले. तोवर फक्त पत्रांतून ओळख असलेल्या थिओडिशिया कार्पेंटर या बाईंनी न्यू जर्सीतल्या रोझेल गावी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले.

कॉलेज होते फिलाडेल्फियाचे विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, स्थापना १८५०. स्त्रियांनी डॉक्टर होणे तेव्हा अमेरिकेतही अनेकांना खपत नव्हते. १८६९ मध्ये या कॉलेजच्या विद्यार्थिनी शहरातल्या एका मोठ्या इस्पितळात शिकायला गेल्या, तेव्हा तिथल्या पुरुष विद्यार्थ्यांनी त्यांची हुर्यो उडवली. इस्पितळांची दारे स्त्रियांना बंद, म्हणून १८६१ मध्येच स्त्रियांचे स्वतंत्र इस्पितळ उभे करावे लागले होते. आनंदीबाई आल्या तेव्हा रसायनशास्त्राच्या प्राध्यापक रेचल बॉडली डीन होत्या. प्रवेशाच्या अर्जात आनंदीबाईंनी सरळ लिहिले होते, की आपल्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचे आहे. कॉलेजने प्रवेश दिला आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही दिली.

आता राहण्याचे पाहा. खोलीत शेकोटी होती, पण ती नीट बांधलेली नव्हती. पेटवली की खोलीभर धूर, विझवली की थंडी. जेवण शाकाहारी, म्हणजे तिथे मिळणाऱ्या जेवणातले बरेचसे बाद. नऊवारीत कंबर आणि पोटऱ्या उघड्या राहत. बराच विचार करून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या, आणि गोपाळरावांना हे नंतर कळवायचे असे त्यांनी ठरवले. एवढासा बदल, पण तो त्यांनी एकटीने ठरवला होता.

कॉलेजात मात्र त्या एकट्या परदेशी नव्हत्या. १८८५ च्या एका प्रसिद्ध छायाचित्रात त्यांच्यासोबत जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुली आहेत. तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. ज्या कॉलेजच्या मुलींची शहराने टर उडवली, तिथे तीन देशांच्या मुली एकाच विद्येसाठी आल्या होत्या.

सुमारे दोन वर्षांनी ताप आणि चक्कर सुरू झाली, मग खोकला सुटेना. तरी त्यांनी अभ्यास पुरा केला. हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र या विषयावर प्रबंध लिहिला आणि ११ मार्च १८८६ रोजी एम.डी. झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूरच्या इस्पितळात स्त्रियांच्या विभागाची जागाही मिळाली, पण ती सांभाळण्याआधीच क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. वय पुरते २२ ही नव्हते.

त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सी इथे, कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांचे स्मारक आहे. त्या बाजूला राहत असाल, तर मुलांना घेऊन एकदा जरूर जा.

आणि आपली मुले कॉलेजातून फोन करतील तेव्हा मार्क नंतर विचारा. आधी विचारा, खोलीत ऊब आहे ना, पोटभर जेवतोस ना, खोकला किती दिवसांचा आहे? आनंदीबाईंच्या जिद्दीत काही कमी नव्हते. कमी पडली ती ऊब, आणि अंगाला मानवेल असे जेवण.