थाळनेरचे घुमट, फरकांड्याचे मनोरे

शाळेची सहल ठरवायची वेळ आली की शिक्षकांच्या खोलीत दरवर्षी तीच नावे निघतात. अडावदजवळचे उनपदेवचे गरम पाणी, चाळीसगावची पाटणादेवी, फार तर अजिंठा नाही तर दौलताबाद. मुलांना मजा येते, आम्हालाही येते. पण एका वर्षी सातवीच्या वर्गात ताजमहाल, लाल किल्ला, कुतुबमिनार असे सगळे पाठ म्हणून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. म्हणाला, "सर, अपने इधर कुछ हुआच नहीं क्या? अपन इधर कब आये?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. दुसऱ्याने आम्ही अस्वस्थ झालो. अकरा-बारा वर्षांच्या मुलाला हा प्रश्न आपणहून पडत नाही. तो कुणीतरी त्याला विचारलेला असतो, आणि उत्तर न सापडल्याने तो त्याने वर्गात आणलेला असतो.

त्या दिवसापासून आम्ही सहलीचा नकाशा बदलला.

आपल्या मुलखाला खानदेश का म्हणतात? कुणी म्हणते कान्हाचा देश, कुणी खांडववनाशी नाते जोडते. अबुल फजलच्या काळापासून चालत आलेले एक मत असे, की गुजरातच्या सुलतानाने इथल्या फारुकी राजाला 'खान' हा किताब दिला आणि त्यावरून खानदेश झाला. यादवांच्या काळी याच भागाला सेउणदेश म्हणत. मत कोणतेही धरा. फारुकींचे नाव काढून या मुलखाचा इतिहास सांगता येत नाही.

त्यांची सुरुवात थाळनेरला झाली. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यातले, तापीच्या काठचे हे गाव. 1370 मध्ये दिल्लीच्या फिरोजशहा तुघलकाने हा प्रदेश मलिक राजा फारुकीला दिला. फरिश्ता लिहितो, की शिकारीत वाट चुकलेल्या भुकेल्या बादशहाला मलिक राजाने आपल्याजवळचे अन्न दिले, त्याचे हे बक्षीस. किस्सा खरा असो वा रचलेला, एवढे खरे की दिल्ली कमजोर होताच मलिक राजा स्वतंत्र झाला आणि दोनशेहून अधिक वर्षे त्याच्या घराण्याने इथे राज्य केले. 1399 मध्ये तो वारला. तो आणि त्याच्यानंतरचे पहिले काही फारुकी राजे थाळनेरच्याच मातीत झोपले आहेत. त्यांच्या मकबऱ्यांच्या बांधणीचे मांडूच्या इमारतींशी नाते आहे.

किल्ल्याचे फारसे काही उरलेले नाही. पण त्याचीही एक गोष्ट मुलांना सांगावी अशी आहे. 27 फेब्रुवारी 1818 रोजी इंग्रजांचा सेनापती हिस्लॉप थाळनेरवर चालून आला. तेव्हा किल्ला होळकरांचा आणि किल्लेदार तुळशीराम मामा. दरवाजातल्या चकमकीत इंग्रजांचे अधिकारी पडले. चिडलेल्या हिस्लॉपने शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिली. या कृत्यावर पुढे खुद्द इंग्लंडातही टीका झाली. फारुकींची पहिली राजधानी आणि तिच्यासाठी फासावर गेलेला होळकरांचा किल्लेदार, ही दोन पाने एकाच गावाच्या तवारीखेतली आहेत. एक पान फाडून दुसरे वाचता येत नाही.

धुळ्याहून मुंबईकडे जाताना महामार्गालगत लळिंगचा किल्ला दिसतो. एसटीतून किती वेळा पाहिला असेल! मलिक राजाचा मुलगा नासिरखान याला वाटणीत हा किल्ला मिळाला होता. त्यानेच पुढे असीरगड घेतला आणि तापीकाठी दोन गावे वसवली. खुलताबादला विसावलेले हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावाने बुऱ्हाणपूर, आणि त्यांचे खलिफा शेख जैनुद्दीन यांच्या नावाने समोरच्या काठावर जैनाबाद. या नासिरखानाची लेक बहमनी सुलतानाला दिलेली होती. तिचे सासरी हाल होतात, अशी तक्रार बापाच्या कानी आली आणि तो बलाढ्य बहमनींवर चालून गेला. लढाई तो हरला. शत्रूने पाठलाग करत बुऱ्हाणपूर लुटले, लळिंगलाही त्याचा पराभव झाला आणि 1437 मध्ये तो खचून मेला. राजकारणाचे हिशेब त्यात असतीलच. पण लळिंगच्या पायथ्याशी ही गोष्ट सांगितली, तेव्हा सोबतच्या मुली एकदम गप्प झाल्या.

आता जळगाव जिल्ह्याकडे वळू. एरंडोल तालुक्यातल्या फरकांड्याचे झुलते मनोरे पूर्वी सगळ्या खानदेशात नवलाचे होते. एक मनोरा हलवला की दुसरा आपोआप डोलतो, हे पाहायला लांबून लोक येत. जो तो वर चढून हलवून बघे. काळाने आणि माणसांनी मिळून त्यांची पडझड केली. अहमदाबादला सिदी बशीरच्या मशिदीचे मनोरे याच गुणासाठी प्रसिद्ध आहेत.

कुणी याला करामत म्हणते, कुणी जादू. आम्ही वर्गात एक प्रयोग करतो. दोन खिडक्यांच्या गजांना एक दोरी थोडी सैल बांधायची. तिला सारख्याच लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखे दगड लटकवायचे. एकाला झोका द्यायचा. थोड्या वेळात दुसरा दगड, हात न लावता, झुलू लागतो आणि पहिला मंदावतो. मग एकाची दोरी आखूड केली की खेळ जवळजवळ थांबतो. सारखी उंची, सारखा झोका आणि मधला जोड, एवढीच ती जादू. पण विटा आणि चुन्यात हे साधणाऱ्या गवंड्याला हिशेब किती बारीक कळत असेल! त्याची कदर करायची सोडून आपण त्याचे खेळणे केले.

एरंडोलचेच आणखी एक वैभव होते, जे आता डोळ्यांना दिसत नाही. हातकागद. एरंडोल आणि यावल ही गावे कागदासाठी नावाजलेली होती, अशी नोंद इंग्रजी गॅझेटियरमध्ये आहे. हा धंदा कागदी मुसलमानांचा. जुन्या चिंध्या आणि ताग कुटायचा, लगदा हौदात कालवायचा, चाळणीवर उचलायचा, भिंतीवर वाळवायचा, शेवटी घोटून गुळगुळीत करायचा. अशा कागदावर मुनशीने फारसी लिहिली, कारकुनाने मोडी लिहिली, सावकाराने खातेवही लिहिली. कागद करणाऱ्याने कधी विचारले नाही, की यावर कोणत्या लिपीत लिहिणार.

आमच्या सहलीचा शेवट रावेरच्या पलीकडे, बुऱ्हाणपुरात होतो. खानदेशची ही जुनी राजधानी आज मध्य प्रदेशात आहे. तिथली जामा मशीद राजा अलीखान फारुकीने 1589 मध्ये बांधली. तिच्यात अरबी लेखाच्या जोडीला संस्कृत शिलालेख कोरलेला आहे. त्यात निर्मात्याला वंदन आहे, फारुकींची वंशावळ आहे आणि विक्रम संवत 1646, शके 1511 अशी मिती आहे. ज्या राजाने अल्लाहच्या घरात रयतेच्या पंचांगाने मिती कोरली, त्याला आपण परका नव्हतो हे वेगळे सांगावे लागले नसेल. 1597 मध्ये तो मोगलांच्या बाजूने दख्खनच्या लढाईत पडला. चार वर्षांनी, 1601 मध्ये, त्याच मोगलांनी असीरगड घेऊन फारुकींचे राज्य संपवले. अकबराने मुलाच्या नावावरून खानदेशला 'दानदेश' केले, पण लोकांच्या तोंडी खानदेशच राहिला.

त्या मुलाला आम्ही काय सांगितले? सांगितले, की बेटा, फारुकी राजे होते. आपण बहुतेक त्यांचे वारस नाही. आपण त्यांच्या रयतेचे वारस आहोत. पिंजारी, मण्यार, बागवान, कागदी. आपले तडवी बांधव तर सातपुड्याचेच. कुणी बाहेरून आले असेल, तेही इथल्या तापीचे पाणी पिऊन शतके लोटली. घरात उर्दू, बाजारात अहिराणी, कचेरीत मराठी, हीच आपली वंशावळ.

हे आम्ही मराठीत मुद्दाम लिहितो आहोत. उर्दूत लिहिले असते, तर आपल्याच मोहल्ल्यात फिरले असते. शेजाऱ्यालाही कळायला हवे, की थाळनेरचे घुमट त्याचेही आहेत. आणि आपणही त्याआधी एक करावे. या सुटीत मुलांना घेऊन थाळनेरला जावे. मकबऱ्यांपाशी उभे राहून फातिहा पढावी, मग तापीवर जाऊन मुलांना तुळशीराम मामाची गोष्ट सांगावी. पुढच्या वेळी कुणी त्यांना 'कधी आलात' असे विचारले, तर त्यांना निदान गावाचे नाव तरी सांगता येईल.