हार्विंग्टन हॉलचे चोरकप्पे

इंग्लंडमधील वॉर्सेस्टरशायर परगण्यात, किडरमिन्स्टर शहराजवळ, पाण्याच्या खंदकाने वेढलेली लाल विटांची एक जुनी हवेली आहे. 'हार्विंग्टन हॉल' हे तिचे नाव. सोळाव्या शतकाच्या अखेरीस हम्फ्री पॅकिंग्टन या कॅथॉलिक जमीनदाराने ती उभारली. येथे येणाऱ्या पर्यटकांचे कुतूहल मात्र दालनांपेक्षा दालनांआड दडलेल्या जागांविषयी अधिक असते. जिना, भिंती आणि माळा यांत मिळून येथे सात चोरकप्पे आहेत. इंग्लंडमध्ये टिकून राहिलेल्या अशा कप्प्यांमध्ये ते सर्वोत्कृष्ट मानले जातात. ते धनदौलतीसाठी नव्हते. त्यांत माणसे लपत असत.

कायद्याची दहशत

पहिल्या एलिझाबेथ राणीच्या कारकिर्दीत (१५५८ ते १६०३) प्रॉटेस्टंट चर्च हेच राज्याचे चर्च ठरले. १५५९च्या कायद्याने रविवारच्या उपासनेला गैरहजर राहणाऱ्यास १२ पेन्स दंड होता. १५८१ मध्ये तो दरमहा २० पौंड झाला. १५८५च्या कायद्याने तर परदेशात दीक्षा घेतलेल्या कॅथॉलिक धर्मगुरूचे इंग्लंडमधील वास्तव्य हाच राजद्रोह ठरविला. त्याला आसरा देणाऱ्यालाही मृत्युदंडाची तरतूद होती. तरीही अनेक जमीनदार घराण्यांनी धर्मगुरूंना घरात ठेवले. त्यांच्यासाठी केलेल्या या जागांना 'प्रीस्ट होल' म्हणतात.

सुताराची करामत

हार्विंग्टनमधील एका खोलीत विटांच्या भिंतीत उभी तुळई आहे. वरवर ती घराचा भार पेलणारी वाटते. प्रत्यक्षात ती आसावर फिरते आणि मागच्या अरुंद पोकळीत जाण्याची वाट मोकळी होते. दुसरीकडे जिन्याच्या दोन पायऱ्या वर उचलता येतात व खाली लपण्याची जागा दिसते. एका दालनातील शेकोटीचे धुराडे छतावर निघतच नाही. ते माळ्यावर चढण्याचा मार्ग आहे.

यांतील काही कप्पे निकोलस ओवेन याने केले असावेत, असे अभ्यासक मानतात. ऑक्सफर्डचा हा ठेंगणा सुतार जेझुइट संघाचा सेवक होता. १५८८च्या सुमारास तो इंग्लंडमधील जेझुइटांचे प्रमुख हेन्री गार्नेट यांच्या सेवेत आला आणि सुमारे अठरा वर्षे घरोघर असे कप्पे करीत राहिला. दिवसा सर्वांदेखत साधे सुतारकाम आणि रात्री एकट्याने गुप्त बांधकाम, अशी त्याची पद्धत होती.

मराठी वाचकांना जेझुइट संघ परका नाही. 'ख्रिस्तपुराण'कर्ते फादर थॉमस स्टीफन्स हे याच संघाचे इंग्रज धर्मगुरू. १५७९ मध्ये ते गोव्यात आले आणि येथेच राहिले. मायदेशी परतले असते, तर त्यांनाही कदाचित अशाच एखाद्या भिंतीचा आधार शोधावा लागला असता.

झडती आणि उपासमार

झडती घेणारेही कसलेले असत. ते खोल्यांची मापे आतून व बाहेरून घेऊन ताडून पाहत, भिंती ठोकून पोकळ आवाज ऐकत, फळ्या उखडत. १५९१ मध्ये वॉरिकशायरमधील बॅडस्ली क्लिंटन या हवेलीत काही धर्मगुरू झडती संपेपर्यंत सुमारे चार तास जुन्या सांडपाण्याच्या भुयारात, पाण्यात उभे होते. ते बचावले.

पुढे दैवाने साथ दिली नाही. नोव्हेंबर १६०५ मध्ये पार्लमेंट उडविण्याचा कट उघडकीस आला. जानेवारी १६०६ मध्ये वॉर्सेस्टरजवळच्या हिंडलिप हाऊसला वेढा पडला. काही दिवसांनी भुकेने व्याकूळ झालेला ओवेन एका साथीदारासह बाहेर आला. शेजारच्या खोलीतून धुराड्याच्या भिंतीतील पोकळ नळीवाटे पातळ अन्न मिळत असलेले गार्नेट आणि त्यांचे सहकारीही अखेर सापडले. मार्च १६०६ मध्ये टॉवर ऑफ लंडनमध्ये ओवेनचा छळात अंत झाला. सरकारने आत्महत्येचा दावा केला. इतर घरांचे गुपित त्याने सांगितले नाही, असे मानले जाते. १९७० मध्ये पोपनी त्याला संतपद दिले.

अजूनही शोध

हिंडलिपची ती हवेली आज उरलेली नाही. हार्विंग्टन हॉल पडीक अवस्थेतून सावरला. १९२३ मध्ये तो बर्मिंगहॅमच्या कॅथॉलिक धर्मप्रांताला दान मिळाला. फिरत्या तुळईमागची जागा तर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी, ओसाड हवेलीत हुंदडणाऱ्या मुलांना सापडली होती. तीनशे वर्षे ती कोणाला दिसली नव्हती. ज्याचे काम दिसता कामा नये, त्या कारागिराने नकाशा मागे ठेवणे शक्यच नव्हते. त्यामुळे इंग्लंडमधील जुन्या घरांचे सगळे कप्पे सापडले, असे आजही कोणी ठामपणे म्हणू शकत नाही.