सावलीने मोजलेले चंद्र

आपल्या चंद्राचा व्यास 3474 किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या 27 टक्के. गुरूचा गॅनिमीड 5268 किलोमीटरचा, बुध ग्रहापेक्षाही मोठा. पण गुरूच्या व्यासाच्या तो चार टक्केही भरत नाही. या आकड्यांमागे दोन हजारांहून अधिक वर्षांची खटपट आहे, आणि तिच्यात सर्वांत जास्त उपयोगी पडली ती सावली.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात सामोस बेटावरच्या ॲरिस्टार्कसने खग्रास चंद्रग्रहणाचा आधार घेतला. चंद्र ज्या सावलीतून जातो ती पृथ्वीचीच. ती चंद्राच्या दुप्पट रुंद आहे असे धरून त्याने चंद्राचा व्यास पृथ्वीच्या साधारण एक तृतीयांश ठरवला. इसवी सन 499च्या ‘आर्यभटीया’त पृथ्वीचा व्यास 1050 योजने आणि चंद्राचा 315, म्हणजे बरोबर तीस टक्के. पृथ्वीच्या सावलीची लांबी आणि चंद्रापाशी तिची रुंदी काढण्याची रीतही आर्यभटाने त्यात दिली आहे.

1610 मध्ये गॅलिलिओला गुरूचे चार चंद्र दिसले, 1655 मध्ये हायगेन्सला शनीचा टायटन. पण पृथ्वीवरून टायटनचे बिंब जेमतेम पाऊण विकला रुंद दिसते. वातावरणाच्या थरथरीत त्याची कड धूसर होते, त्यामुळे दुर्बिणी मोठ्या झाल्या तरी मापे डळमळीतच राहिली.

मग पिधान कामी आले. दूरच्या ताऱ्यासमोरून एखादा चंद्र गेला की त्याची सावली पृथ्वीवरून सरकते आणि तेवढ्यापुरता तारा विझतो. किती सेकंद विझला, हे दोन ठिकाणांहून टिपले की वर्तुळाच्या दोन जीवा हाती येतात. दोन जीवांवरून व्यास निघतो. 7 जून 1972 रोजी गॅनिमीडने असाच एक तारा झाकला. तामिळनाडूतल्या कावलूरच्या वेधशाळेने आणि जावा बेटावरच्या लेंबांगने तो क्षण टिपला. व्यास निघाला सुमारे 5270 किलोमीटर, आजच्या मापाला अगदी खेटून! त्याच नोंदींवरून गॅनिमीडला विरळ वातावरण असल्याचाही निष्कर्ष निघाला होता. तो मात्र 1979 मध्ये व्हॉयेजर अंतराळयानाच्या निरीक्षणांपुढे टिकला नाही.

टायटनची कथा उलट. मार्च 1974 मध्ये आपल्याच चंद्राने त्याला झाकले, तेव्हा व्यास सुमारे 5800 किलोमीटर भरला आणि सर्वांत मोठा उपग्रह म्हणून टायटनकडे बोट दाखवले जाऊ लागले. नोव्हेंबर 1980 मध्ये व्हॉयेजर 1 टायटनच्या मागे गेले. त्याचे रेडिओ संदेश दाट वातावरण भेदून थेट पृष्ठभागाच्या कडेपर्यंत पोहोचत राहिले. घन गोळा निघाला 5150 किलोमीटरचा. वरचे शेकडो किलोमीटर नारिंगी धुरक्याचे होते. पहिला मान गॅनिमीडकडे गेला.

1978 मध्ये, तेव्हा ग्रह मानल्या जाणाऱ्या प्लूटोचा चंद्र शॅरॉन सापडला. त्याचा व्यास प्लूटोच्या निम्म्याहून थोडा जास्त! ग्रह कोणता आणि चंद्र कोणता, हे केवळ आकारावरून सांगता येत नाही, हे या जोडीने दाखवून दिले.

कावलूरची ती नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवी. पिधानात दुर्बिणीच्या आकाराइतकीच निरीक्षकाची जागा आणि घड्याळाचा अचूकपणा मोलाचा असतो. म्हणूनच आज लघुग्रहांची मापे काढताना जगभरचे हौशी निरीक्षक लहान दुर्बिणींनी टिपलेल्या वेळा शास्त्रज्ञांना पुरवतात, आणि त्या खरोखर उपयोगी पडतात.